मोहगावची शाळा आणि आपली कसोटी

आगरदांडा आणि दिघी ह्यांच्यामध्ये राजपुरीची खाडी पसरलेली आहे आणि खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे. १९४८ सालापर्यंत ह्या किनाऱ्यावर सिद्दी नबाबांचे राज्य होते. ते संस्थान गेले. परंतु मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा ह्या तालुक्यांत आजही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांच्या जोडीने तिच्याच उर्दू शाळा नांदत आहेत. त्यामुळे महाराष्ट्राचे काही बिघडले, असे कोणी सुज्ञ मनुष्य म्हणत नाही. मुंबई महानगरपालिका तर आठ भाषांतून मुलांना शिकविते. जी गोष्ट पश्चिम किनाऱ्यावर इतकी स्वाभाविक मानली जाते, तीच ह्याच राज्याच्या पूर्व टोकास, गडचिरोलीच्या अरण्यात, अपराध का ठरावी?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मोहगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील ग्रामसभेने २०१९ साली आपल्या मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ साली शिक्षण खात्याने मान्यतेच्या अभावी ती अनधिकृत ठरविली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. मान्यतेवाचून शाळा चालविणारास एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यापुढे प्रत्येक दिवसास दहा हजार रुपये, अशी तरतूद शिक्षण हक्काच्या कायद्यात आहे, हे खरे. परंतु शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असेही तोच कायदा सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे घटनेच्या ३५० (अ) ह्या अनुच्छेदात १९५६ पासून लिहिलेले आहे. दंडाचे कलम सरकारास तत्काळ आठवावे आणि कर्तव्याचे कलम विसरावे, हा न्याय नव्हे.

गडचिरोली हा काही सामान्य जिल्हा नाही. चार दशके तेथील आदिवासी एका बाजूस नक्षलवाद्यांची बंदूक आणि दुसऱ्या बाजूस पोलिसांचा संशय ह्यांच्या कात्रीत जगला. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभुळखेड्याजवळील भूसुरुंगाने पंधरा जवानांचे आणि त्यांच्या वाहनचालकाचे प्राण घेतले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती आपल्या साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. त्या घटनेचे समाधान आम्हांसही आहे. परंतु शस्त्रे खाली ठेवली गेली म्हणून विश्वास आपोआप उत्पन्न होत नाही. शासन म्हणजे केवळ पोलीस ठाणे आणि वनखात्याची चौकी, हा अनुभव ज्या गावांनी घेतला, त्यांस शासनाचे दुसरे रूप प्रथम शाळेतच दिसावयाचे असते. त्या शाळेत पाऊल टाकताच आपली बोली दाराबाहेर ठेवावी लागते, असे सहा वर्षांच्या मुलास कळले, तर तो विश्वास कोठून यावा?

आक्षेप असा घेतला जातो की, गोंडीतून शिकलेले मूल पुढे मागे पडेल, मराठीस पारखे होईल. हा आक्षेप क्षुल्लक नाही. पालकांनाही मुलांच्या नोकरीची चिंता आहेच. परंतु जे मूल शिक्षकाचे बोलणेच समजू शकत नाही, ते पहिल्याच इयत्तेत मागे पडलेले असते. प्रारंभीची वर्षे गोंडीतून शिकवून क्रमाने मराठीकडे नेणे, हा मराठीचा अवमान नसून मराठीकडे जाणारा पूल आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषिकांची संख्या एकोणतीस लाखांहून अधिक भरली. त्या भाषेस आठव्या परिशिष्टात स्थान नाही, एवढ्याने ती मुलांच्या तोंडून नाहीशी होत नाही.

ह्या प्रश्नात मराठी माणसाने विशेष सावध असावे. बेळगावच्या मराठी मुलांना मराठी शाळा मिळावी, म्हणून आपण दशकानुदशके आवाज उठवीत आहोत, आणि तो योग्यच आहे. परंतु जे आपण कर्नाटकाकडे मागतो, तेच मोहगावने आपल्याकडे मागितले असता आपण नियमांचे पुस्तक उघडून दाखवावे, हे शोभत नाही.

सरकारने मोहगावच्या शाळेस दंड न करता मान्यतेचा मार्ग दाखवावा. शिक्षकांचे प्रशिक्षण, इमारत आणि अभ्यासक्रम ह्यांच्या रास्त अटी जरूर घालाव्यात, परंतु त्या पुऱ्या करण्यास साहाय्यही द्यावे. जिल्हा परिषदेच्या शाळांतूनही गोंडी आणि माडिया जाणणारे स्थानिक शिक्षक नेमणे अगत्याचे आहे. ग्रामसभेने आपण होऊन शाळा काढावी, ह्याहून लोकशाहीवरील निष्ठेचा मोठा पुरावा कोणता? ज्या भागात इतकी वर्षे बंदुकीने आपल्याच मार्गाने चला असे बजावले, तेथे एका गावाने पाटी-पेन्सिलीचा मार्ग निवडला. त्या गावाच्या दारात दंडाची नोटीस घेऊन जाणारे शासन पुढच्या पिढीस कोणता धडा शिकवीत आहे, ह्याचा विचार मंत्रालयाने वेळीच करावा.