नावाविना उभ्या खेळाडू

सिगारेटचे नाजूक पाकीट चेपू नये म्हणून रिचमंडच्या अ‍ॅलन अँड जिंटर कंपनीने १८८०च्या दशकात त्यात जे चिमुकले पत्ते घातले, त्यांपैकी काहींवर बेसबॉलचा गणवेश आणि गडद मोजे ल्यालेल्या तरुणी दिसतात; परंतु त्या छायाचित्रासाठी उभ्या केलेल्या मॉडेल होत, त्यांची नावे तेथे नमूद नाहीत. त्याच कंपनीच्या ‘वर्ल्ड्स चॅम्पियन्स’ मालिकेत मात्र नेमबाज अ‍ॅनी ओकली नावानिशी अवतरते, आणि संग्राहकाने अधिक मोल द्यावे ते माझ्या मते या पत्त्यालाच, मग त्याचे कोपरे झिजलेले का असेनात. अशा पत्त्यांचे संग्राहक जेफरसन बर्डिक यांनी तीन लाखांहून अधिक मुद्रित कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या स्वाधीन केले. इतर संग्राहकांनीही आपला ऐवज कुलूपबंद न ठेवता अभ्यासकांसाठी संग्रहालयांकडे सोपवावा.