फोटोच्या मागची बाजू



गेल्या सुट्टीत आजोबांचा अल्बम मी इकडे रिग्गईला घेऊन आलो. ते मेळघाटात वनखात्यात नोकरीला होते. फोटोंत सागाचे ओंडके, बैलगाड्या, करवत ओढणारे कोरकू मजूर. मागे आजोबांच्या अक्षरात झाडाचा घेर, तारीख, साहेबांचे नाव. मजुरांसाठी एकच शब्द : 'कुली'.

कुवेतची जुनी गलबतेही मलबारच्या सागाची. अ‍ॅलन व्हिलियर्स १९३८-३९ मध्ये अशाच एका गलबतावरून फिरला आणि त्याने खलाशांचे फोटो काढले. तो साग तोडणारे हात मात्र चौकटीबाहेरच राहिले.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासींना जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असल्याचे दाखवावे लागते. सरकारी कागद, गावातल्या वृद्धांचे जबाब हे त्याचे पुरावे. ज्यांची साधी नावेही आपण लिहिली नाहीत, त्यांच्याकडेच आज कागद मागितले जातात. यात माझे आजोबा आले, म्हणजे मीही आलो.

पुढच्या रजेत फोटोंच्या प्रती घेऊन मी मेळघाटात जाणार आहे. चेहरे ओळखणारे कुणी भेटले तर नावे लिहून आणीन. मित्रहो, आपल्या घरीही असा अल्बम असेल. मागची बाजू एकदा वाचून पाहा.