आकडा वर जातो, औषध खाली येत नाही

मधुमेहाचे नियंत्रण यापुढे मोबाइलच्या साह्याने होणार, अशी ग्वाही शासन आणि उद्योगपती सध्या एकाच सुरात देत आहेत. दोघांचा सूर इतका जुळावा, एवढेच शंका घेण्यास पुरेसे आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. रोग एवढा पसरला असता कोणतेही साधन त्याज्य मानण्याचे कारण नाही. परंतु ते साधन कोणाच्या हाती पडते, हे विचारणे भाग आहे.

दंडाला चिकटवून चौदा दिवस साखर मोजणाऱ्या सेन्सरचेच उदाहरण घ्यावे. त्याची किंमत चार ते पाच हजार रुपयांच्या घरात जाते. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर 2025-26 साठी ठरलेली मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे चौदा दिवस साखर मोजण्याकरिता मजुराने जवळपास तेवढ्याच दिवसांची मजुरी मोजावयाची. मग भाकरी कशाची आणि इन्शुलिन कशाचे? याच इन्शुलिनचे एकस्व त्याच्या संशोधकांनी 1923 साली प्रत्येकी एका डॉलरला टोरोंटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले होते, याची आज आठवण देणेही अव्यवहारी ठरते!

किमतीचा अडसर उद्या दूर झाला, तरी मोबाइल घरात कोणाचा असतो? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण 33 टक्के आढळले, पुरुषांचे 57. ग्रामीण स्त्रियांत तर ते चौघींत एक एवढेच होते. नवऱ्याच्या वा मुलाच्या खिशातील यंत्र तिला गोळीच्या वेळेची आठवण कशी देणार? आणि भात टाळा, असा सल्ला त्या यंत्राने दिलाच, तरी रेशनच्या पिशवीत तांदूळच आला असेल तर तिने काय शिजवावे?

ऊसतोड मजुरांची स्थिती याहून बिकट आहे. बीडकडचा कोयता दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात उतरतो आणि पुढील कित्येक महिने कोपीत राहतो. गावच्या उपकेंद्रातील नोंद त्याच्यामागून चालत येत नाही. रुग्णाची माहिती कोणत्याही दवाखान्यात उघडता यावी, हा 2021 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हेतू खरोखर स्तुत्य आहे, आणि त्याची सर्वांत अधिक गरज या मजुरालाच आहे. पण ज्या कोपीत वीज नाही, तिथे इन्शुलिन थंड कसे राहावे आणि मोबाइल तरी कोठे चार्ज करावा?

या साऱ्या व्यवस्थेचा भार शेवटी आशा सेविकेवर येतो. तिशीवरील माणसांचे तक्ते तिने भरावयाचे, ते मोबाइलवर चढवावयाचे, आणि मोबदला मात्र मानधनाच्या नावाने तुटपुंजा घ्यावयाचा. 2023 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, याचे नवल कोणाला वाटावे?

तमिळनाडूत अरविंद नेत्रालयाने खेड्यापाड्यांतील दृष्टिकेंद्रे दूरसंपर्काने डॉक्टरांशी जोडली आहेत. तिथे हे तंत्र उपयोगी पडते, कारण पडद्यापलीकडे डॉक्टर बसलेला असतो आणि गरज पडल्यास रुग्णाला दाखल करून घेणारे रुग्णालयही असते. आपल्याकडे रिकाम्या पदांची प्राथमिक आरोग्य केंद्रे मोबाइलने जोडून काय साधणार? अंदाजपत्रकात नव्या पोर्टलसाठी तरतूद सुचविणाऱ्यांनी त्याच पानावर मेटफॉर्मिनच्या गोळ्या, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि आशांचे नियमित वेतन यांची रक्कमही लिहून दाखवावी.