दप्तराची यादी बाहेर लावा

मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मा. जिल्हाधिकारी, धुळे



एकच मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोणत्या गावाचं, कोणत्या सालाचं, कोणतं जुनं दप्तर शिल्लक आहे आणि ते कुठे ठेवलं आहे, याची यादी लोकांसमोर ठेवा.

पणजोबांचं नाव शोधायला माणसं पहाटेच्या एसटीनं डबा बांधून निघतात. कुणाला जात पडताळणीसाठी कागद हवा असतो. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारला जातो. कुणाची वारसाची नोंद अडलेली असते. कुणाला आपण मूळचे कुठले, एवढंच जाणून घ्यायचं असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत असा एक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. त्यात समोरून ‘हे दप्तर इथं नाही’ एवढं ऐकून हात हलवत परतायचं.

ते इथं नसतं, याला कारणंही आहेत. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यातच होतं. धरणगाव आज तालुका आहे, पण तिथल्या माणसाला जुनी नोंद एरंडोलच्या नावानं शोधावी लागते, मुक्ताईनगरच्याला एदलाबादच्या. हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. नातवाला कोण सांगणार?

जन्ममृत्यूच्या नोंदीचं एक जुनं बाड मी पाहिलं, ते डोळ्यांपुढून जात नाही. रुमालाची गाठ सोडली तशी पानांच्या कडा बोटांना लागून गळू लागल्या. मोडी अक्षर, शाई तपकिरी पडलेली. जन्माच्या पानावर बापाचं नाव, जात, मूल स्त्री की पुरुष. मुलाच्या नावाची जागा बहुतेक ठिकाणी कोरी. पुढे १९१८ सालच्या अखेरची मृत्यूची पानं होती. कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द: ताप. एकाच आडनावाच्या खाली तीन-तीन माणसं. इन्फ्लुएंझाच्या साथीत त्या घरांवर काय ओढवलं, ते घरच्यांना आज ठाऊक असेल का?

बायकांचा माग काढणं तर त्याहून अवघड. कवयित्री बहिणाबाई आसोद्याच्या महाजनांची लेक आणि जळगावच्या चौधरींची सून. कुठल्याही आजीचा शोध घ्यायचा तर असं माहेर आणि सासर, दोन्ही गावांचं दप्तर लागतं. एका दिवसात दोन गावं होतात, पण कागद कुठे आहे ते आधी कळलं तर.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी महसूल खात्यानं कुणबी नोंदी शोधल्या. जुनी दप्तरं पानापानानं चाळली गेली, मोडी जाणणारी माणसं बसवली गेली. मनावर घेतलं तर प्रशासन काय करू शकतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. पण शोध एका शब्दाचा होता. त्याच पानांवर कोळ्यांची, भिल्लांची, माळ्यांची, तेल्यांची, मुसलमानांची नावं होती. पान उलटलं गेलंच आहे, तर ते कोणत्या गावाचं आणि कोणत्या सालाचं, एवढं तरी सगळ्यांना कळू द्या.

यादीत फार काही नको. गाव, त्याचा जुना तालुका, साल, दप्तराचा प्रकार, ठेवल्याचं ठिकाण. जे वाळवीनं खाल्लं असेल त्यापुढे तसं स्पष्ट लिहा. निदान कुणाची खेप वाया जाणार नाही. आणि आठवड्यातला एक वार ठरवून मोडी वाचणारा माणूस बसवा. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव फिरले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही त्याच गावात आहे. त्या मंडळाशी बोला.

यादी प्रत्येक तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, जिल्ह्याच्या संकेतस्थळावरही टाका. मात्र आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत लावा. त्या दिवसांत माहेरवाशिणी येतात, सुरत-पुण्याला गेलेली माणसं गावी असतात, आणि विचारायला म्हातारी माणसंही घरातच भेटतात.

आपला,
जळगावचा एक रहिवासी