ट्रॉली उलार, ट्रॅक्टर हलका

बैलगाडी भरताना घरातला म्हातारा माणूस काय करायचा, ते आठवून पाहा. गाडी भरली की बैल जुंपण्याआधी तो जू हाताने उचलून पाहायचा. जू फार जड लागले तर दोन पोती मागे, आणि आपसूक वर यायला लागले तर दोन पोती पुढे. कारण त्याला ठाऊक होते की भार पुढे झाला तर बैलाचे खांदे सुजतात, आणि गाडी उलार झाली तर जोत्याचा फास बैलाच्या गळ्याला बसतो. बैल मुका असला तरी मान टाकून, पाय आखडून सांगायचा. ट्रॅक्टर सांगत नाही. सांगतो तेव्हा पुढची चाके जमिनीवर नसतात.

हे लिहायचे कारण असे. कापसाच्या गेल्या हंगामात एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर मी बसून निघालो होतो. बसलो होतो कुठे, तर मडगार्डवर! ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कोणी बसू नये असे मीच शिबिरात सांगतो, ही कबुली आधीच देऊन टाकतो. मागे कापसाची दोन चाकी ट्रॉली, तट्ट भरलेली. एका पुलाच्या चढावर गियर बदलायला गाडी थांबली, पोराने क्लच सोडला आणि ट्रॅक्टरचे तोंड वीतभर वर आले. स्टेअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जात होती, डावीकडे नाल्याच्या बाजूला. पोराने क्लच दाबला, तोंड खाली बसले, मी उडी मारली आणि पाय मुरगळला. एवढ्यावर भागले. ट्रॅक्टरचे मालक मात्र शांत. "काई होत नाई साहेब, चढावर उचलतेच थे. रोजचंच आये."

हे जे "रोजचंच आये" आहे ना, त्यावर माझे भांडण आहे.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा तुमचा ट्रॅक्टर 20 क्विंटलचा आहे. त्यातले पुढच्या चाकांवर साधारण 8 आणि मागच्यांवर 12 क्विंटल येतात. पुढच्या आणि मागच्या चाकांत 6 फूट अंतर धरा, आणि ट्रॉलीचा हूक मागच्या आसापासून 2 फूट मागे. आता ट्रॉलीच्या दांडीने हुकावर 6 क्विंटल भार टाकला, तर तराजूसारखे होते: मागचा आस मधली टेकण, हूक दाबला की तोंड उचलते. पुढच्या चाकांवरचे 2 क्विंटल कमी होतात. राहिले 6. सपाट रस्त्यावर हे चालून जाते. पण दहा फुटांना एक फूट असा चढ लागला, तर ट्रॉलीची ओढ आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन मिळून आणखी दोनेक क्विंटल पुढून मागे जातात. राहिले 4. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा, नाहीतर स्टेअरिंग ऐकत नाही, असा नियम आहे. 20 चा पाचवा हिस्सा 4 च. म्हणजे आपण काठावर उभे, आणि त्यात क्लच झटक्याने सोडला की संपले. मागे उलटणारा ट्रॅक्टर चालकाला उडी मारायला वेळ देत नाही, दीड-दोन सेकंदांचा खेळ असतो.

मग हुकावर भार नकोच, असे कोणी म्हणेल. तेही चूक. ट्रॉली मागे जड झाली की दांडी हुकाला वर उचलते, मागच्या चाकांची पकड जाते, पावसाळ्यात काळ्या मातीत चाके जागेवर फिरतात, आणि उतारावर ट्रॉली शेपटीसारखी डुलू लागते. थोडा भार पुढे हवाच. किती, हे ट्रॉलीच्या आसावर अवलंबून आहे. आसापासून हूक 10 फूट असेल आणि आत 30 क्विंटल माल असेल, तर तो माल एक फूट पुढे सरकवला की हुकावर 3 क्विंटल वाढतात, एक फूट मागे सरकवला की 3 कमी होतात. एका फुटाने एवढा फरक पडतो! आणि आपण ट्रॉली कशी भरतो? सोयाबीनचे कट्टे चढवायला सोपे जाते तिकडून. उतरवताना तर पुढचा माल आधी काढतात, मागचा तसाच ठेवतात, आणि हूक सोडला की दांडी आभाळाकडे. मागून आधी खाली करायचे, इतके साधे आहे.

अमेरिकेत लोक मोटारीमागे अख्खे घर ओढत सहलीला जातात. त्यांनाही हीच अडचण आली: मागे भार पडला की मोटारीचे तोंड हलके. त्यांनी वजन वाटून देणारा हूक काढला. त्यात पोलादाच्या दोन स्प्रिंगदार दांड्या असतात. त्या ताणून बसवल्या की हुकावरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा घराच्या चाकांवर परत जातो. मला आवडले ते त्यांचे मोजणे. घर जोडण्याआधी पुढच्या मडगार्डची उंची टेपने मोजायची, जोडल्यावर मोजायची, दांड्या ताणून पुन्हा मोजायची. अंदाज नाही, टेप!

आपल्या ट्रॅक्टरला तसा हूक नसतो, आणि पुढे स्प्रिंगाही नसतात, म्हणून टेपचा उपयोग नाही. पण आपल्याकडे काटा आहे. जिनिंगवर, बाजार समितीत आपण ट्रॉली तोलतोच. तोलायच्या आधी फक्त ट्रॅक्टरची पुढची दोन चाके काट्यावर घ्या, बाकी सगळे बाहेर, आणि आकडा विचारा. परत जाताना ट्रॉली सोडून एकदा तसेच करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ट्रॉलीने पुढून किती वजन चोरले ते. काटा आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी, एवढे पाहा.

यावर लोकांचा इलाज काय, तर बोनेटवर दोन पोरे बसवायची. हे मी आपल्या तालुक्यात पाहिले आहे आणि मला तरी दुसरा शब्द सुचत नाही: हा गुन्हा आहे. पुढे लावायची बिडाची वजने मिळतात, ती लावावीत. पण भरणे चुकले असेल तर वजनाने फक्त चूक झाकते. दुसरे, हूक. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच लावा. वरच्या लिंकच्या जागी साखळी अडकवून ओढणे म्हणजे ट्रॅक्टर स्वतःच मागे पाडणे. भोकांच्या पट्टीला ट्रॉली लावून हायड्रॉलिक उचलणारेही आहेत. जितका हूक उंच, तितकी ओढ तोंड उचलणार. आणि रस्त्यावर ब्रेकचे दोन पेडल एकमेकांना जोडलेले असावेत. येरळीच्या पुलाकडे नांदुऱ्याच्या रस्त्याने जाताना एकच चाक धरले तर ट्रॉली कोणीकडे जाईल, याचा विचार करा.

चार चाकी ट्रॉली हुकावर भार टाकत नाही, कारण तिचा पुढचा आस तिचा तोच वाहतो. पण तिला मागे घेणे अवघड, आणि ब्रेक नसले तर उतारावर तीच ट्रॅक्टरला ढकलते. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

माझी खरी तक्रार आपल्या सगळ्यांवर आहे, माझ्यासकट. ट्रॅक्टर घेताना आपण हॉर्सपॉवर, डिझेल, अनुदान सगळे विचारतो. ट्रॉली मात्र गावातल्या वर्कशॉपमध्ये सांगून बनवतो. आस कुठे बसवायचा, हे बनवणारा ठरवतो, आणि तोही अंदाजाने. पदविकेला मी ट्रॅक्टरच्या इंजिनाचे भाग पाठ केले. ट्रॉली कशी भरावी यावर एक तास झाल्याचे मला आठवत नाही. शिबिरात आम्ही बियाणे, खत, फवारणी सांगतो आणि चहा पितो. ज्या यंत्राने घरचा कर्ता माणूस जाऊ शकतो, त्याची भरण सांगायला कोणी नाही. अनुदानाच्या अर्जासोबत अर्ध्या दिवसाचे शिक्षण सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्कशॉपवाल्यांनाही त्यात बोलवावे.

तोवर एवढे ठरवले आहे. कापूस यायला लागला की शनिवारी सकाळी मी काट्यावर थांबणार आहे. काटेवाल्या भाऊंशी बोलणे झाले. गर्दी नसेल तर पुढची चाके तोलून देतो म्हणाले, पैसे घेणार नाहीत. पावती मिळणार नाही, आकडा तोंडी सांगतील. वही-पेन मी आणतो. मडगार्डवर मात्र आता बसणार नाही.