पाणी कधी उतरणार?

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या काठी, जलाशय ओसरू लागताच उघडी पडणारी गाळपेर जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबास कृषी, आरोग्य आणि महिला-बालविकास या खात्यांकडून कितीही उपदेश मिळाला, तरी त्याच्या दृष्टीने खरी निकड एकाच वार्तेची असते: यंदा पाणी केव्हा आणि कुठवर उतरणार? हरभरा पेरावयाचा की नाही, हे त्यावर ठरते. धरणातून कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळीचा, म्हणजे आवर्तनाचा, निर्णय होतो कालवा सल्लागार समितीत, आणि तिचे लक्ष खालच्या लाभक्षेत्राकडे असावे हे स्वाभाविकच. परंतु ज्यांची मूळ शेते याच पाण्याखाली गेली, त्यांना तो निर्णय वेळेवर कळविण्याची जबाबदारी कोणाची, याचा खुलासा एकदा व्हावयास हवा.

याच मुलखात कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने, जिच्या कामास २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक लाभले, पडकईची जुनी रीत पुन्हा उभी केली. एकमेकांच्या शेतावर राबून, उतार पाहून, दगडी ताल रचून भातखाचरे घडविण्याची ही विद्या. तीत प्रत्येक दगड कोठे बसवावा याची चर्चा बांधावरच होते. पुढे पडकई हा सरकारी कार्यक्रम झाला, आणि ३० जुलै २०१४ रोजी याच मुलखातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेल्यावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखविले गेले. कारणमीमांसेत मतभेद आहेत व त्यांचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. मात्र मंजुरी, अंदाजपत्रक आणि मोजमाप या वाटेने जाणाऱ्या योजनेत बांधावरची चर्चा कोठल्या रकान्यात लिहावयाची, हा प्रश्न त्या निवाड्यावाचूनही उरतोच.

पोषणाचेही तेच. गरोदर व स्तनदा मातांना चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली आदिवासी क्षेत्रासाठी काढली, हे स्तुत्यच. पण या डोंगरांतली नाचणी व वरई आणि जलाशयातील मासळी त्या ताटात किती यावी, हे अंगणवाडी सेविका आणि मच्छीमार संस्था यांनी समोरासमोर बसल्याखेरीज कसे ठरणार?

घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाने आवर्तनापूर्वी गाळपेरदार, अंगणवाडी सेविका व मच्छीमार संस्था या सर्वांची, पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यासह, एकत्र बैठक बोलवावी. गाळपेरदारांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर संबंधित अंमलदाराच्या सहीनिशी इतिवृत्तात नोंदवावे. आणि ते इतिवृत्त पेरणीच्या आत ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.