रेनकोट फेब्रुवारीतच

माघ पौर्णिमा सरली की आम्हा नागपूरच्या सायकलवाल्यांची पंचाईत होते. पहाटे पहिल्या पाळीला निघताना स्वेटर लागतो, दुपारी सुटताना तोच हॅण्डलला लटकतो, आणि कधी वाटेतच गारा! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ विसरलेला नाही. खाडा केला तर रोजी बुडते, म्हणून आम्ही निघतोच. पण ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेकचे रबर नीट धरत नाही, हे पोरांना बजावून सांगावे. उतारावर आधीपासूनच हळूहळू ब्रेक दाबावा. वीज कडाडली तर झाडाखाली थांबू नये, पक्के घर गाठावे. घरी आल्यावर चेन पुसून तेल सोडावे. रेनकोट जूनमध्ये काढायचा, असे घरचे म्हणतात. आम्ही तो आताच कॅरियरला बांधला आहे.